आफ्रिकेचं देणं: कुठला दावा टिकतो आणि कुठला मोडतो

प्रश्न असा आहे: ज्या युरोपीय देशांनी आफ्रिकेत वसाहती केल्या, त्यांच्यावर आज भरपाईचं देणं आहे का, आणि असेल तर ते आजवर फिटलं का नाही?

देणं आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ‘आफ्रिका विरुद्ध युरोप’ असा एकच भलाथोरला दावा ना न्यायालयात चालतो, ना वाटाघाटीत. चालतात ते नेमके दावे. कृत्य कोणतं, कुणाच्या हुकमाने झालं, कुणावर झालं, आज त्याचे हयात बळी किंवा वारस कोण, आणि हे सगळं सांगणारा कागद कुठे आहे, या पाच गोष्टी जिथे जुळल्या तिथे पैसे मिळाले आहेत. एखादी सुटली की दावा बुडतो, मग अन्याय कितीही उघड असो. म्हणून नैतिक बाजू थोडक्यात मांडतो आणि कामाची बाजू सविस्तर.

भरपाईचं तत्त्व वसाहती सत्तांना परकं कधीच नव्हतं. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. त्या काळच्या सरकारी अर्थसंकल्पाच्या सुमारे ४० टक्के इतकी ती रक्कम होती, आणि ती मिळाली गुलामांच्या मालकांना. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीतल्या मालकांना सुमारे साडेबारा लाख पौंड गेले, मॉरिशसच्या मालकांना सुमारे २१ लाख. मुक्त झालेल्या माणसांना एक पैसाही नाही; मॉरिशसमध्ये तर त्यांना ‘शिकाऊ’ या नावाखाली १८३९ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. ऊसमळ्यांवर त्यांची जागा भरायला १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. मॉरिशसचा मराठी समाज हा कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या अशाच मजुरांचा. मालकांच्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटनने फेडला तो २०१५ मध्ये. ‘आजच्या करदात्याने दोनशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीसाठी पैसे का मोजावेत’ असं कुणी विचारलं, तर त्याला हे साल सांगावं. करदाता २०१५ पर्यंत मोजतच होता. राज्य ही संस्था अखंड असते. तिचे करार, रोखे आणि कर्जं पिढी बदलली म्हणून रद्द होत नाहीत, तशी तिची देणीही होत नाहीत.

काँगोतही असंच झालं. राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी राजवटीत रबराच्या सक्तीच्या वसुलीपायी अगणित माणसं मेली. १९०८ मध्ये बेल्जियमने तो प्रदेश आपल्याकडे घेतला, तेव्हा राजाला कृतज्ञतेपोटी ५ कोटी फ्रँक द्यायचं ठरलं आणि त्याचा भार काँगोवरच पडला.

‘तेव्हाचे मापदंड वेगळे होते’ हा आक्षेप नेहमी येतो. त्याला त्या काळच्याच कागदांनी उत्तर देता येतं. आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणाऱ्या बर्लिन परिषदेत झालेल्या १८८५ च्या करारनाम्याच्या कलम ६ ने काँगो खोऱ्यात सत्ता गाजवणाऱ्या देशांवर स्थानिक जमातींचं रक्षण आणि त्यांच्या नैतिक व भौतिक स्थितीची सुधारणा यांची जबाबदारी टाकली होती. लिओपोल्डचं राज्य त्याच परिषदेच्या छत्राखाली मान्यता पावलं होतं. तेव्हा आपण त्यांना आजचे नियम लावत नाही; त्यांनी स्वतः सही केलेला नियम त्यांना दाखवतो.

आता आकड्यांकडे वळू, कारण बहुतेक मागण्या इथेच घसरतात. १९९९ मध्ये घानातल्या अक्रा इथल्या एका परिषदेने ७७७ लाख कोटी डॉलर मागितले. २०२० मध्ये बुरुंडीने जर्मनी आणि बेल्जियमकडे मिळून सुमारे ४,३०० कोटी डॉलरची मागणी केली. अशा आकड्याने एक दिवस बातमी होते, पण समोरच्याला उत्तरच द्यावं लागत नाही, कारण त्यामागचा हिशोब तपासता येत नाही. न्यायालय हिशोब कसा करतं हे पाहायचं असेल तर काँगो विरुद्ध युगांडा हा निकाल वाचावा. तो वसाहतकाळाबद्दल नाही, १९९८ नंतरच्या युद्धाबद्दल आहे. पण पद्धत तीच लागू होते. काँगोने १,१०० कोटी डॉलरहून अधिक मागितले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी ३२.५ कोटी दिले: माणसांच्या हानीपोटी २२.५ कोटी, मालमत्तेपोटी ४ कोटी, नैसर्गिक संपत्तीपोटी ६ कोटी, आणि ६.५ कोटींचे पाच वार्षिक हप्ते. काँगोने १,८०,००० नागरिकांच्या मृत्यूचा दावा केला होता. न्यायालयाने हाताशी असलेला पुरावा १०,००० ते १५,००० दाखवतो असं धरलं. फरक पडला तो नोंदींच्या अभावामुळे. गावाचं नाव, तारीख, मृताचं नाव, सांगणाऱ्याचं नातं, इतकंसुद्धा नसेल तर मृत्यू हिशोबात येत नाही.

व्याजाचा प्रश्न तर याहून नाजूक. १२० वर्षांपूर्वीच्या रकमेवर ३ टक्के चक्रवाढ लावली तर ती सुमारे ३५ पट होते. ५ टक्के लावली तर सुमारे ३५० पट. सरळ व्याजाने ३ टक्क्यांनी साडेचार पटीच्या थोडी वर जाते. म्हणजे मूळ हानीपेक्षा दराचीच निवड अंतिम आकडा ठरवते, आणि विरुद्ध बाजूचा अर्थतज्ज्ञ पहिला घाव तिथेच घालतो. माझा सल्ला असा की मूळ रक्कम महागाईनुसार आजच्या मूल्यात आणावी, व्याज वेगळ्या ओळीत दाखवावं आणि प्रत्येक दरामागचं कारण लिहावं. सगळं एकाच आकड्यात कोंबू नये.

कायद्याच्या नजरेने हा इतिहास तीन थरांचा आहे. सगळ्यात वरचा थर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेम्बर्ग खटल्याची तत्त्वं १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केल्यानंतर मानवतेविरुद्धचा गुन्हा ही संकल्पना प्रस्थापित झाली होती, आणि या काळातले काही बळी अजून हयात आहेत. इथे दावा न्यायालयात नेता येतो. मधला थर साधारण १८८० ते १९४५ चा. इथे अडसर आहे तो ‘कृत्य त्या वेळच्या कायद्याने तपासा’ या नियमाचा. १९२८ च्या पाल्मास बेट लवादाने तो घट्ट केला आणि राज्यांच्या जबाबदारीविषयीच्या २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मसुद्यात तो कलम १३ म्हणून आला. हा अडसर ओलांडायचा तर वर सांगितल्याप्रमाणे त्या काळचेच करारमदार शोधावे लागतात. सगळ्यात खालचा थर अटलांटिकपारच्या गुलामव्यापाराचा. तिथे न्यायालयीन मार्ग जवळपास बंद आहे; तो दावा राजकीय आहे आणि तो राजकीय म्हणूनच लढवावा. १९९३ ची अबुजा घोषणा, २००१ ची डर्बन परिषद, कॅरिबियन देशांचा २०१४ चा दहा कलमी आराखडा, नोव्हेंबर २०२३ ची अक्रा परिषद आणि आफ्रिकन संघाने भरपाईला वाहिलेलं २०२५ हे वर्ष, ही त्या वाटेवरची ठिकाणं. तीन थरांची सरमिसळ केली की सर्वांत कच्चा पुरावा सर्वांत पक्क्या दाव्याला खाली ओढतो.

पक्का दावा कसा असतो, हे केनियाने दाखवलं. ऑक्टोबर १९५२ मध्ये तिथे आणीबाणी लागली आणि माउ माउ बंड मोडताना किकुयू लोकांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबलं गेलं. (गोव्यातल्या कुटुंबातले, नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो हेही १९५४ पासून याच आणीबाणीचे स्थानबद्ध होते.) मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैदी मारहाणीत ठार झाले. २००९ मध्ये पाच वृद्ध केनियनांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. ब्रिटिश सरकारचा पहिला बचाव असा की ती जबाबदारी वसाहती सरकारची होती आणि १९६३ मध्ये ती स्वतंत्र केनियाकडे गेली. म्हणजे ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याच देशाने भरपाई द्यावी. जुलै २०११ मध्ये न्यायाधीश मॅककोम यांनी एवढ्यावर दावा फेटाळायला नकार दिला. दुसरा बचाव मुदतीचा. इंग्लंडच्या १९८० च्या मुदत कायद्यात शारीरिक इजेच्या दाव्याला तीन वर्षं आहेत; पण कलम ३३ खाली, निष्पक्ष सुनावणी अजूनही शक्य असेल तर, न्यायालय ती अट बाजूला ठेवू शकतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती शक्य आहे असा निर्णय झाला, आणि तो झाला कागदांच्या जोरावर.

हे कागद आले कुठून, हे नीट समजून घ्यावं. वसाहत सोडताना ब्रिटिशांनी अडचणीची दप्तरं काही जाळली, काही बुडवली आणि काही गुपचूप मायदेशी नेली. दावा उभा राहिल्यावर इतिहासकारांनी फायलींच्या क्रमांकांतली खिंडारं दाखवली, न्यायालयाने विचारणा केली आणि २०११ मध्ये हॅन्सलोप पार्क इथल्या सरकारी आवारात केनियाच्या सुमारे १,५०० फायली असल्याचं बाहेर आलं. तिथला एकूण साठा ३७ माजी वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायलींचा निघाला. छावण्यांतली मारहाण वरपर्यंत माहीत होती आणि तिला मंजुरी होती, हे त्यांतून दिसलं. केनियाचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक ग्रिफिथ-जोन्स यांनी १९५७ मध्ये गव्हर्नर बेअरिंग यांना लिहिलं होतं की पाप करायचंच असेल तर ते गुपचूप करायला हवं. एवढ्या एका पत्राने ‘खालच्या शिपायांनी परस्पर केलं’ हा बचाव संपतो.

६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत तडजोड जाहीर केली. ५,२२८ दावेदारांसाठी, वकिलीचा खर्च धरून, १.९९ कोटी पौंड, नैरोबीत स्मारक आणि खेद. कायदेशीर जबाबदारी मात्र मान्य केली नाही. भागाकार केला तर खर्चासकट माणशी ३,८०० पौंडांच्या आसपास येतात. हातात पडले ते त्याहून कमी. ज्यांचं पुरुषत्व हिरावलं गेलं, ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले, त्यांच्यासाठी ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

यानंतर सुमारे ४०,००० लोकांचा दुसरा दावा आला आणि २०१८ मध्ये तो मुदतीवरच बुडाला. अन्याय तोच, न्यायालयही तेच, मग असं का झालं? दावेदार आठपट झाले, पण पुरावा आठपट झाला नाही. दाव्यांत छळाबरोबर सक्तीचं स्थलांतर, मालमत्तेचं नुकसान, धाकदपटशा असं सगळं घातलं होतं. निव्वळ भीती ही शारीरिक इजा नाही, असं न्यायालयाने मानलं, आणि मग कलम ३३ ची सवलत तिथे लागूच होत नाही. शिवाय अर्धशतकानंतर नमुन्यादाखल निवडलेल्या दावेदारांची उलटतपासणी झाली, आणि तारखा, जागा, कुणी मारलं हे तपशील डगमगले. जे पाच पहिल्यांदा गेले होते त्यांचे दावे गंभीर शारीरिक छळाचे होते. पहिला दावा कमीत कमी लोकांचा आणि जास्तीत जास्त पुराव्याचा असावा, तो यातला धडा.

बेल्जियमचा निकाल तर यापुढचा आहे. काँगोत गोरा बाप आणि काळी आई असलेल्या मुलांना आयांपासून तोडून मिशनमध्ये ठेवायचं, हे वसाहती सरकारचं धोरण होतं. लहानपणी अशा नेलेल्या पाच स्त्रियांनी दावा केला. २०१९ मध्ये पंतप्रधान शार्ल मिशेल यांनी माफी मागितली होती, तरी २०२१ मध्ये खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. २ डिसेंबर २०२४ रोजी ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, हे धोरण मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं आणि प्रत्येकीला ५०,००० युरो दिले. इथे मुदतीचा प्रश्नच मिटला, कारण अशा गुन्ह्याला मुदत नाही. पूर्वलक्षी कायद्याचा आक्षेपही टिकला नाही, कारण त्यांना नेलं गेलं ते न्यूरेम्बर्गनंतर. इथे कृत्य नेमकं होतं, सरकारचं स्वतःचं दप्तर पुरावा होतं आणि दावेदार हयात होत्या. १९४६ नंतर पोर्तुगीज, फ्रेंच, ब्रिटिश वसाहतींत झालेल्या अशा कृत्यांसाठी मला आजघडीला हाच सर्वांत भक्कम रस्ता दिसतो.

मधल्या थरातला सर्वांत मोठा खटला नामिबियाचा, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीचा, आणि सर्वांत जास्त चुकाही तिथेच झाल्या. ऑगस्ट १९०४ मध्ये वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन फौजेने हेरेरो लोकांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं. २ ऑक्टोबर १९०४ ला सेनापती लोथार फॉन ट्रोथा याने जर्मन हद्दीत दिसलेला प्रत्येक हेरेरो गोळी घालून मारला जाईल असा हुकूम काढला. वाचलेले शार्क बेटासारख्या छावण्यांत मेले. १९०८ पर्यंत बहुसंख्य हेरेरो आणि तिथल्याच नामा जमातीतले निम्म्याच्या आसपास लोक नाहीसे झाले होते.

जर्मनीचा बचाव असा: वंशसंहारविरोधी करार १९४८ चा, तो मागे लावता येत नाही. याला त्या काळच्या कागदांतली तीन उत्तरं आहेत. १८८५ मध्ये जर्मनीने हेरेरो प्रमुख माहारेरोशी संरक्षणाचा करार केला होता. ज्यांच्याशी करार होतो त्यांना कायद्याबाहेरचे कसं म्हणता येईल? दुसरं, चॅन्सेलर ब्यूलो यांनीच सम्राट कैसरला कळवलं होतं की हा हुकूम ख्रिस्ती आणि मानवी तत्त्वांना सोडून आहे, आणि डिसेंबर १९०४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. म्हणजे तेव्हाच्या बर्लिनलाही ते गैर आहे हे कळत होतं. तिसरं, डिसेंबर १९०५ च्या फर्मानाने हेरेरोंची सामाईक मालमत्ता जप्त झाली आणि १९०७ च्या नियमांनी गव्हर्नरच्या परवानगीशिवाय जमीन व गुरं बाळगायला मनाई झाली. जप्तीचा हुकूम जप्त करणाऱ्याच्याच राजपत्रात असेल तर मालकी कुणाची होती हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. त्याचा परिणाम आजही मोजता येतो: २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार नामिबियातल्या खासगी मालकीच्या शेतजमिनीपैकी सुमारे ७० टक्के गोऱ्या मालकांकडे होती.

एवढा पुरावा असून अडलं ते कुठल्या न्यायालयात जायचं यावर. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला गेला. एका सार्वभौम राष्ट्राला दुसऱ्याच्या न्यायालयात खेचता येत नाही, या नियमाला अपवाद म्हणून जप्त मालमत्तेचा पैसा न्यूयॉर्कमधल्या इमारतींपर्यंत पोचला असा दुवा दाखवायचा प्रयत्न झाला. तो पुरेसा वाटला नाही आणि २०१९ मध्ये दावा फेटाळला गेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं दारही या देशांनी आधीच लावून घेतलं आहे. जर्मनीने २००८ मध्ये त्याचा अधिकार मानला तो फक्त त्या तारखेनंतरच्या घटनांपुरता. ब्रिटनने राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळले आहेत. फ्रान्सने आपली मान्यता १९७४ मध्ये काढून घेतली. म्हणून थेट दाव्यावर शक्ती खर्च करण्याआधी सल्लागार मत मागण्याची वाट तपासावी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत साध्या बहुमताने न्यायालयाचं मत मागवता येतं. मॉरिशसने ब्रिटनच्या ताब्यातल्या, हिंदी महासागरातल्या चागोस बेटांसाठी २०१७ मध्ये तेच केलं आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी मत त्यांच्या बाजूने आलं. ते बंधनकारक नव्हतं, तरी त्यानेच ब्रिटनला वाटाघाटीला बसवलं.

नामिबियाची वाटाघाट २०१५ पासून चालली आणि मे २०२१ मध्ये संयुक्त घोषणापत्र बाहेर आलं. जर्मनीने ‘आजच्या दृष्टीने’ वंशसंहार असा शब्दप्रयोग केला. ही दोन शब्दांची भर कायदेशीर देणं टाळण्यासाठीच आहे: तेव्हा तो गुन्हा नव्हता असं त्यातून सुचवलं की भरपाईचा हक्क उरत नाही, उरते ती स्वेच्छेची मदत. रक्कम ११० कोटी युरो, ३० वर्षांत. त्यातले ५ कोटी स्मृती आणि सलोख्याच्या कामांना, १०५ कोटी सात प्रदेशांतल्या विकासकामांना. हिशोब करा: वर्षाला साडेतीन कोटी, प्रत्येक प्रदेशाला सरासरी ५० लाख युरो. अशी दीर्घ मुदतीची रक्कम महागाईशी जोडलेली नसेल, तर वर्षाला फक्त २ टक्के महागाई धरली तरी शेवटच्या हप्त्याचं मोल आजच्या सुमारे ५५ टक्केच राहतं. शिवाय जर्मनी १९९० पासून नामिबियाला विकासमदत देतच होता. तेव्हा करारात एक कलम हवंच: ही रक्कम चालू मदतीशिवाय आणि त्यात कपात न करता मिळेल. ते नसेल तर एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं सहज शक्य असतं.

पण करार अडला तो रकमेहून मोठ्या कारणाने. हेरेरो आणि नामांच्या पारंपरिक नेतृत्वातल्या मोठ्या भागाने तो नाकारला, कारण वाटाघाट दोन सरकारांत झाली आणि ज्यांचे पूर्वज मेले त्यांना स्वतंत्र जागा नव्हती. वंशसंहारातून पळालेल्यांचे वंशज बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतही आहेत. सात प्रदेशांतल्या रस्त्यांचा आणि पाण्याच्या योजनांचा त्यांना काय उपयोग? जर्मनीला दुसरी पद्धत माहीत नव्हती असंही नाही. १९५२ मध्ये लक्झेम्बर्ग इथे इस्रायलशी करार करताना ३०० कोटी मार्क राज्याला आणि ४५ कोटी मार्क ज्यू संघटनांच्या स्वतंत्र परिषदेला देण्याचं ठरलं, आणि ती परिषद वाटाघाटीत बसली होती. हेरेरोंची मागणी त्याच तिसऱ्या खुर्चीची आहे. ती रास्त आहे.

राज्याने राज्याला दिलेली भरपाई बळीपर्यंत पोचतेच असं नाही, याचं ठळक उदाहरण लिबिया. ३० ऑगस्ट २००८ रोजी बेंगाझीत इटलीने वसाहती काळाबद्दल २० वर्षांत ५०० कोटी डॉलर कबूल केले, वर्षाला २५ कोटी. तोवरचा हा सर्वांत मोठा उघड करार. पण त्यातलं मुख्य काम होतं ट्युनिशियाच्या सीमेपासून इजिप्तच्या सीमेपर्यंतचा किनारी महामार्ग, आणि ते इटालियन कंपन्यांनीच करायचं होतं. सोबत समुद्रमार्गे येणाऱ्या स्थलांतरितांना अडवण्याचं सहकार्य बांधलेलं होतं. २०११ च्या युद्धात करार स्थगित झाला. पूर्व लिबियातल्या सिरेनाइकाच्या इटालियन छावण्यांत १९३० च्या सुमारास सुमारे एक लाख लोक कोंडले गेले होते. त्यांच्या वंशजांना स्वतःच्या नावाने मागता येईल असा हक्क त्या रचनेच्या केंद्रस्थानी नव्हता, म्हणून सरकार कोसळल्यावर मागे उरलं ते थोडं. चागोसबाबत मे २०२५ मध्ये सही झालेल्या करारातही तोल असाच कलला: लष्करी तळ असलेल्या दिएगो गार्सिया बेटाच्या भाडेपट्ट्यापोटी मॉरिशस सरकारला वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड, आणि बेटांवरून हुसकावलेल्या लोकांसाठी एकूण ४ कोटींचा निधी.

‘पैसे दिले तर भ्रष्टाचारात जातील’ असा आक्षेप इथे हमखास येतो. भ्रष्टाचाराची भीती खरी आहे, पण तिच्यामुळे देणं माफ होत नाही. वाटपाची रचना बदलावी लागते. नाझी काळातल्या सक्तीच्या मजुरांसाठी जर्मनीने २००० मध्ये कायद्याने निधी उभारला: सुमारे १,००० कोटी मार्क, निम्मे सरकारचे, निम्मे उद्योगांचे. २००७ पर्यंत जवळपास १०० देशांतल्या १६.६ लाख लोकांना थेट रक्कम पोचली. चालला तो काही साध्या गोष्टींमुळे. श्रेणी आधी ठरल्या आणि प्रत्येक श्रेणीची कमाल रक्कम जाहीर झाली. अर्ज देशोदेशीच्या भागीदार संस्थांमार्फत घेतले. पुराव्याची पातळी खटल्याइतकी कडक नव्हती. छावणीची नोंद नसेल तर जुळणारा इतर पुरावा चालत होता. पैसा हप्त्यांत गेला, म्हणजे अर्जांचा अंदाज चुकला तरी शेवटच्याला रिकाम्या हाताने परतावं लागलं नाही. आफ्रिकेसाठी हाच साचा घ्यावा, त्यात विश्वस्त मंडळात बळींच्या समाजाला निम्म्या जागा, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि सामूहिक हानीसाठी, म्हणजे जमीन, चराऊ रानं, पाणी यांसाठी वेगळा कप्पा घालावा.

पुराव्याची पातळी फार वर ठेवली की काय होतं हे अल्जीरियात दिसलं. फ्रान्सने १९६० ते १९६६ दरम्यान सहारात १७ अणुचाचण्या केल्या. २०१० च्या कायद्याने भरपाईची सोय झाली: ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात राहिल्याचा दाखला आणि यादीतल्या कर्करोगांपैकी एक. कागदावर हे न्याय्य वाटतं. पण रेगान आणि इन एकेरच्या परिसरातल्या भटक्या तुआरेग कुटुंबांकडे साठ वर्षांपूर्वीचा रहिवासाचा दाखला कुठून येणार, आणि जिथे निदान करणारं रुग्णालयच नव्हतं तिथे कर्करोगाचा अहवाल कुठला? अल्जीरियातले लाभार्थी अगदी मोजके निघाले. अशा जागी ‘त्या भागात असणं’ हेच गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर टाकायला हवा.

लुटलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. तिथे प्रगती सर्वांत जलद आहे, कारण रक्कम मोजावी लागत नाही. फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिनला अबोमीच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू दिल्या, त्यासाठी आधी संसदेत खास कायदा करावा लागला. जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला हजाराहून अधिक बेनिन शिल्पांची मालकी दिली (हे बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, बेनिन देश नव्हे). ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने बांधलेले आहेत, म्हणून २०२४ मध्ये आसान्ते राजवटीचं सोनं घानातल्या कुमासीला गेलं ते उसनं. वस्तू परत येणं चांगलंच. पण तेवढ्यावर जमिनीचा आणि जिवांचा दावा चुकता झाला, असं तडजोडीच्या मसुद्यात कुठेही लिहू देऊ नये.

आज कुणी दावा उभारू पाहत असेल तर क्रम असा ठेवावा. आधी दप्तर मागावं. माजी वसाहतींची दप्तरं, कबरींचे आणि किरणोत्सारी कचरा पुरलेल्या जागांचे नकाशे, छावण्यांच्या हजेऱ्या यांची मागणी वेगळी आणि पहिली करावी. ती मान्य करताना कुणाला दोष कबूल करावा लागत नाही, म्हणून ती नाकारणं अवघड जातं. फायलींचे क्रमांक लावून खिंडारं टिपावीत. त्याच वेळी हयात साक्षीदारांचे जबाब घ्यावेत, कारण १९५० च्या दशकात वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. जबाब त्याच्या मातृभाषेत, ध्वनिचित्रमुद्रणासह, एकेकट्याने घ्यावा. सामूहिक सभेत घेतलेले जबाब एकमेकांसारखे होतात आणि उलटतपासणीत सगळेच पडतात. तारीख आठवत नसेल तर अंदाजे साल लिहून टाकू नये, दुष्काळ, पेरणी, मुलाचा जन्म अशा खुणेने ती बांधावी. नावाची सगळी रूपं नोंदवावीत, कारण गोऱ्या कारकुनाने हजेरीत लिहिलेलं नाव आणि आजच्या ओळखपत्रावरचं नाव क्वचितच जुळतं. अंगावरच्या खुणांची तपासणी स्वतंत्र डॉक्टरकडून त्याच आठवड्यात करून घ्यावी. आणि जबाबात जे त्याने स्वतः पाहिलं ते आणि जे ऐकलं ते दोन वेगळ्या परिच्छेदांत ठेवावं.